येऊ का?

१

शनिवारी सकाळचा चहा झाला की माझा जावई लॅपटॉप उघडून बसायचा आणि कुठल्या झुडपात कुणी डबा लपवलाय ते बघायचा. लेकीच्या बाळंतपणासाठी मी सांता क्लाराला गेले होते. २००४ सालचा उन्हाळा. देवयानीला सातवा महिना होता, घरात माणसं तीनच, आणि भांडी घासायलाही यंत्र. मला करायला काही उरलंच नव्हतं. म्हणून मी सत्यजितच्या खांद्यावरून वाकून बघू लागले.

त्या उद्योगाला जिओकॅशिंग म्हणतात. कुणीतरी बागेत, पुलाखाली, नाहीतर डोंगरावर एक डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो. बाकीचे हातात जीपीएस धरून तो हुडकत फिरतात. सापडला की आतली एखादी वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची आणि डबा होता तिथे परत लपवायचा. एवढाले इंजिनियर लपाछपी खेळतात याचं मला हसू आलं. पण अक्षांश-रेखांश म्हटल्यावर कान टवकारले. नागपूरच्या शाळेत मी उभी नोकरी भूगोल शिकवण्यात काढली. मालिनीबाईंच्या वर्गात नकाशा उलटा धरण्याची कुणाची हिंमत नव्हती.

दोन-तीन शनिवारांतच मी सत्यजितला मागे टाकलं. तो त्या यंत्राच्या बाणाकडे बघत झाडाभोवती गोल फिरायचा, आणि डबा तो ज्या बाकावर जॅकेट टाकून आलेला असायचा त्याच्याच खाली निघायचा. काखेत कळसा नि गावाला वळसा. "जावईबापू, यंत्राकडे नको, जमिनीकडे बघ," मी म्हणायची. तो मूळचा पुण्याचा, म्हणजे आपल्याला सगळं येतं असं समजणारा. मी नागपूरची. मला खरोखरच येतं.

माझ्या एका सवयीची मात्र तो थट्टा करायचा. निघताना मी त्या जागेलाही "येते हं" म्हणायची, बाक असो की झाड.

"आई, तुम्ही लॅम्पपोस्टला बाय करताय?"

"करतेय. आणि बाय नाही, येते म्हणतेय. 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं. पाहुण्याने 'येऊ का?' विचारावं, घरच्याने 'या' म्हणावं, मगच उंबरा ओलांडावा. पुण्यात दार लावून घेत असतील, आमच्याकडे निरोपाची पद्धत आहे."

तो हसला. देवयानीही हसली. पण माझ्या लेकीने जन्मात कधी 'जाते' म्हटलेलं नाही, आणि मला त्याचा अभिमान होता.

२

त्या तळ्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. सिएरा नेवाडाच्या उंच भागात आहे एवढं पुरे. देवयानीने सोबतीला वसुधाला बोलावून घेतलं. वसुधा शेजारच्या बिल्डिंगमधली, घरच्यासारखी. आणि आम्ही सासू-जावई पहाटेच गाडी काढून निघालो.

चढ चांगलाच होता. सत्यजित दर वळणावर पाण्याची बाटली काढायचा आणि मी पुढे जाऊन त्याची वाट बघत बसायची. वर पोचले आणि पाय जागीच थांबले. तिन्ही बाजूंनी ग्रॅनाइटचे उभे कडे, मधे खोल वाटी, वाटीत निळंकाळं पाणी. हिमगव्हर. हिमनदीने डोंगर कोरून केलेली वाटी. दरवर्षी नववीच्या वर्गात मी हे खडूने फळ्यावर काढायची आणि पोरं जांभया द्यायची. पुस्तकातलं ते चित्र माझ्यासमोर पसरलं होतं, आणि मी अगदी तसंच काढत आले होते. डोळ्यांना पाणी आलं. का येऊ नये?

"ओ!" सत्यजितने हौसेने आरोळी ठोकली.

काहीच परत आलं नाही.

मी त्याला पुन्हा ओरडायला लावलं. मग स्वतः ओरडले. तीन भिंती, मधे सपाट पाणी. प्रतिध्वनी यायलाच हवा. आवाज तोंडातून निघायचा आणि तळ्यावर जाऊन नाहीसा व्हायचा. "वारा असेल," सत्यजित म्हणाला. वारा नव्हता. पाण्यावर सुरकुतीसुद्धा नव्हती. पण मी विचार केला, दगडाचा काही गुण असेल. भूगोलात अपवाद असतातच.

यंत्राचा बाण तळ्याच्या मधोमध बोट दाखवत होता. मी उताराकडे पाहिलं. हिमनदीने आणून टाकलेल्या दगडांचा एक बांध होता, त्यातला एकच दगड बाकीच्यांसारखा नव्हता, त्याच्या बुडाची माती उकरलेली होती. काडतुसांचा जुना लोखंडी डबा. आत प्लॅस्टिकचे प्राणी, एक किल्ली, एक रंगीत काचेचा मणी. मी मणी घेतला. बदल्यात माझ्या पिशवीतून एक गडू काढून ठेवला. माझ्या लहानपणीच्या पितळी भातुकलीतला, अंगठ्याएवढा, पोटाला पोचा आलेला. तो पोचा मीच पाडलेला, भावाच्या डोक्यात मारून. होणाऱ्या नातवंडासाठी सगळी भातुकली आणली होती. त्यातला एक गडू या तळ्याला दिला तर काय बिघडतं, असं मला वाटलं. इतकं सुंदर तळं होतं.

सत्यजित पुढे वाटेला लागला. मी पाण्याकडे तोंड करून म्हटलं, "येते हं."

आणि त्या मोठ्या दगडामागून, बाईच्या शांत, घरंदाज आवाजात, कुणीतरी विचारलं, "येऊ का?"

मराठी! दहा हजार फुटांवर, अमेरिकेत, मराठी बाई! आणि किती शिस्तीची. आपलं माणूस कुठे नाही म्हणून सांगा. दगडापलीकडे बसलेली असेल, आमचं बोलणं ऐकून तीही निघाली असेल आणि पद्धतीप्रमाणे निरोप घेत असेल. माझी छाती फुगली.

"या, या!" मी म्हटलं.

मी थांबले, ती पुढे येईल, ओळख होईल म्हणून. कुणी आलं नाही. दगडाला वळसा घालून पाहिलं. मागे सरळ कडा होता. बसायला जागाच नव्हती.

"कोणाशी बोलताय?" सत्यजितने खालून विचारलं. त्याने फक्त मला ऐकलं होतं. एको असेल, तो म्हणाला. मी त्याला विचारलं की 'येते'चा 'येऊ का' करणारा एको कुठल्या पुस्तकात आहे. 

३

घरी पोचलो तेव्हा ऊन अजून बाल्कनीत होतं. वसुधा निघून गेली होती. देवयानी सोफ्यावर पाय वर घेऊन पडली होती आणि समोर टेबलावर पाण्याचे तीन ग्लास भरून ठेवलेले.

"तिसरं कोण?" मी विचारलं.

"म्हणजे? तुमच्याबरोबर कोणी आलंय ना? मला वाटलं, ट्रेकवर कोणी मराठी भेटलं असेल."

"कशावरून?"

"अगं, तू किल्ली लावत होतीस तेव्हा दारातून कोणीतरी 'येऊ का?' म्हणालं. इतकं गोड. मी इथूनच 'या' म्हटलं."

सत्यजितने एक ग्लास संपवला, मग दुसराही. मी माझा प्यायले. दार नीट लावलं आणि साखळीही अडकवली. इमारतीत आणखी मराठी कुटुंबं होती, कुणीही कुणाच्या दारात बोललं असेल. अशी कारणं मला हवी तेवढी सापडतात. शाळेत मी दरवर्षी अंधश्रद्धेविरुद्ध भाषण करायची आणि पोरं टाळ्या वाजवायची.

४

पुढच्या आठवड्यात एका सकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर गडू होता.

काठोकाठ भरलेला. पाण्यावर पाइनची एक सुई तरंगत होती. मी बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. फ्रीजमधलं पाणी इतकं गार नसतं.

आधी मी जावयाला फैलावर घेतलं. थट्टेला मर्यादा असते, मी म्हटलं, तू त्या डब्यातून हळूच काढून आणलास. तो बिचारा ऑफिसला निघाला होता, एक मोजा पायात आणि एक हातात. "आई, शपथ. मी तुमच्या पुढे चालत होतो ना." हे खरं होतं. मग मी बॅग उघडून भातुकली जमिनीवर मांडली. चूल, पाटा, परात, बंब, सगळं होतं. गडूची जागा रिकामी. ओट्यावरच्या गडूच्या पोटाला पोचा होता, आणि माझा अंगठा त्या पोच्यात बरोबर बसला. लहानपणापासून बसत आलाय.

मी पाणी सिंकमध्ये ओतलं आणि मग माझ्या लक्षात आलं की मला कशाची भीती वाटते आहे. गडू परत आला याची नव्हे. तो रिकामा आला नव्हता याची. शेजारणीकडून वाटी आली तर आपण ती रिकामी परत करतो का? साखर घालतो, लाडू ठेवतो, काही नसेल तर निदान दोन दाणे. जे कुणी आलं होतं त्याला हे ठाऊक होतं. त्याला माझ्याइतकीच रीत कळत होती. भुतं असतात असं मी मानत नाही, पण भूत असतं तरी ते आरडाओरडा करणारं, भांडी आपटणारं असेल अशी माझी कल्पना होती. इतक्या चांगल्या वळणाच्या गोष्टीशी कसं वागायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

५

देवयानीच्या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत फिकट कार्पेट होतं. व्हॅक्यूम फिरवला की त्याचे केस एका दिशेने बसायचे, नांगरलेल्या शेतासारखे पट्टे उमटायचे. ते काम मी माझ्याकडे घेतलं होतं, कारण देवयानीला वाकवत नव्हतं.

दारापाशी, चपलांच्या रॅकसमोर, त्या पट्ट्यांत दोन पावलं उमटलेली दिसली. ओली नव्हती, मळकी नव्हती. फक्त तेवढ्या जागचे केस दबलेले. टाचा जुळवून, बोटं आतल्या दिशेला, जसं कुणी अदबीने उभं राहतं. मी व्हॅक्यूम फिरवला. दुपारी पुन्हा होती, तिथेच.

किती दिवस ती तिथेच राहिली. मग एका संध्याकाळी वसुधाचा फोन आला आणि देवयानी म्हणाली, "ये ना गं, विचारतेस काय, कधीही ये!" दुसऱ्या दिवशी पावलं सोफ्यापाशी होती. नंतर एकदा तिने बाथरूममधून मला हाक मारली, "आई, ये ना जरा." पावलं पॅसेजमध्ये आली.

मी मुलांना निरीक्षणावरून नियम काढायला शिकवलंय. मी नियम काढला. ते आपणहून एक पाऊल टाकत नव्हतं. 'ये' म्हटलं की मग यायचं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला रुचा झाली. काळंभोर जावळ, मुठी घट्ट, आवाज असा की हॉस्पिटलमधली नर्स म्हणाली ही पुढारी होणार. माझी नात. तिला घरी आणलं आणि पॅसेजच्या टोकाच्या खोलीत पाळण्यात ठेवलं. संध्याकाळी मी पॅसेज पाहिला. पावलं त्या खोलीच्या दारापाशी होती. उंबऱ्याच्या पट्टीला बोटं टेकलेली, पण पट्टीच्या अलीकडे. दवाखान्यातून आल्यापासून घरात किती जणांनी किती वेळा 'ये' म्हटलं होतं, कोण मोजणार?

त्यानंतर मी त्या खोलीतून हलले नाही. बाळाला तेल लावायचं, न्हाऊ घालायचं, शेक द्यायचा, सगळं तिथे. जेवणही ताटात घेऊन तिथेच. दुपारी देवयानी झोपली की घर शांत व्हायचं, फ्रीजची घरघर तेवढी यायची. आणि दाराबाहेरून, अधूनमधून, अजिबात घाई न करता, "येऊ का?"

मी दात आवळून बसायची. उत्तर न देणं किती अवघड असतं ते सांगून कळणार नाही. माझ्या जिभेला जन्माची सवय आहे, कुणी विचारलं की 'या' आपोआप येतं. मी तोंडात सुपारी धरून ठेवायला लागले.

एकदा देवयानी जागी होऊन आली, पाळण्यावर वाकली, दोन्ही हात पसरले आणि लाडात म्हणायला लागली, "कोण जागं झालं? ये..."

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. जोरातच ठेवला गेला असावा. तिने माझा हात झटकला.

"आई! काय करतेयस?"

"या खोलीत 'ये' म्हणायचं नाही."

"का?"

पॅसेजकडे माझी नजर गेली. उजव्या पावलाखालचे केस हळूच वर आले आणि डाव्या पावलाखालचे आणखी दबले. बराच वेळ उभं राहिलं की माणूस भार बदलतो, तसं.

"का, आई?" तिचे डोळे भरून आले होते. "तू आम्हाला मांजर आडवं गेलं तरी थांबू दिलं नाहीस. आणि आता हे काय नवीन?"

मी सांगू शकले असते. पण ज्या लेकीला मी असल्या गोष्टींना हसायला शिकवलं तिच्यापुढे हे तोंडाने म्हणणं मला जमलं नाही. मी मानी बाई आहे. "मी सांगते म्हणून," मी म्हटलं. ती बाळाला उचलून घेऊन गेली. माझ्याशी दोन दिवस नीट बोलली नाही.

६

त्या दोन दिवसांत मी विचार केला. ज्याला आपण 'या' म्हणून घरात घेतलं, त्याला 'जा' म्हणून हाकलायचं? माझ्या दारातून आजवर कुणाला 'जा' असं म्हटलेलं नाही. पण पाहुण्याला पोचवायची रीत आहे. कुणी फाटकापर्यंत पोचवतं, कुणी स्टँडपर्यंत. मी बोलावलं होतं, मीच पोचवणार.

"सत्यजित, मला त्या तळ्यावर परत जायचंय. बर्फ पडून खिंड बंद व्हायच्या आत."

"आई, आत्ता? बाळ तीन आठवड्यांचं आहे."

"वसुधा राहील. मी तुझ्याकडे आजपर्यंत काही मागितलंय?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि काय दिसलं कोण जाणे, एका शब्दाने विचारलं नाही. गुणी जावई मिळाला मला. पुण्याचा असला तरी.

निघताना मी खोलीच्या दारात उभी राहिले. गडू हातात होता. कार्पेटवरच्या त्या दोन खुणांकडे बघून म्हटलं, "चला."

गाडीत मी मागे बसले, शेजारची जागा रिकामी ठेवून. सत्यजितने वाटेत दोनदा हीटर वाढवला. "मागे थंडी वाजतेय का हो? मला इथे मानेला गार लागतंय." मी म्हटलं, लक्ष रस्त्यावर ठेव.

वर तळ्याच्या कडेला पातळ बर्फ धरलं होतं. दगडांवर हिमकण पांढरे पसरलेले. मी यंत्र उघडूच दिलं नाही. डबा काढला, काचेचा मणी आत टाकला, गडू आत ठेवला. रिकामा नाही. त्यात घरची साखर घातली होती. खायची वस्तू डब्यात ठेवायची नसते, अस्वलं येतात, असं सत्यजितने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तो नियम मी मोडला. माझा नियम त्याहून जुना होता.

मग पाण्याकडे तोंड केलं. जीभ 'येते'वर येऊन थांबली होती, तिला मी मागे ओढलं.

"जाते," मी म्हटलं.

उभ्या जन्मात पहिल्यांदा. तोंड कडू झालं.

उत्तर आलं नाही. 'जाते' म्हटल्यावर कुणी काय म्हणणार? पण त्या मोठ्या दगडासमोरच्या सपाट खडकावर, हिमकणांत, टाचा जुळवलेली दोन पावलं होती. बोटं पाण्याकडे नव्हती, माझ्याकडे होती. ते आपल्या घरी पोचलं होतं. आता मी पाहुणी होते, आणि ते मला निरोप द्यायला दारात उभं होतं.

मी मागे वळून न बघता उतरले. घरी आल्यावर पॅसेजमध्ये व्हॅक्यूम फिरवला. पट्टे सरळ राहिले. दुसऱ्या दिवशीही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही. मी रुचाला उचलून घेतलं, नाकाला नाक लावलं आणि मनात म्हटलं, तुझ्या आजीने हे कुणाचं साहाय्य न घेता निस्तरलं. कुणाला सांगता येत नव्हतं, नाहीतर मी नागपूरभर सांगितलं असतं.

७

थंडीत मी परत आले. पुढे गुडघा कुरकुरायला लागला आणि तो प्रवास झेपेना. पण रुचा माझ्या हाताखालीच वाढली, फोनवर. माझ्या मैत्रिणींची अमेरिकेतली नातवंडं 'हाय आजी'च्या पुढे सरकत नाहीत. माझी नात रविवारी सकाळी मला म्हणी म्हणून दाखवायची. तिचा 'ळ' ऐकावा. 'बाळ', 'केळं', 'आभाळ'. इंग्रजी शब्द मधे यायचे, येणारच, पण 'ळ' अस्सल.

तिसरं संपलं असेल तेव्हाची गोष्ट. फोन ठेवताना ती म्हणाली, "बाय आजी, मी जाते."

"अगं! जाते नाही म्हणायचं. येते म्हणायचं."

"व्हाय?"

"आपल्यात तसंच असतं. स्वतः जाताना 'येते'. आणि कुणालाही 'जा' असं म्हणायचं नसतं."

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी विचारही केला नाही. नातवंडाला वळण लावताना कोण विचार करतं? शिवाय ते तळं, ती पावलं आता इतकी लांब गेली होती की कधीकधी मला वाटायचं, बाळंतिणीच्या घरात रात्र-रात्र जागून मलाच भास झाले असतील. पुढच्या रविवारी रुचाने न चुकता "येते आजी" म्हटलं. देवयानी मागून म्हणाली, "पाहुण्यांना 'या' म्हणायचं हे मी शिकवलं हं, सगळं क्रेडिट तू घेऊ नकोस." आम्ही दोघी हसलो.

८

परवाचा रविवार. २००८चा जुलै. माझी इकडे सकाळ, त्यांची तिकडे शनिवारची संध्याकाळ. चार जुलैला जोडून सुट्टी होती, ते कुठेतरी कॅम्पिंगला गेले होते एवढं मला ठाऊक होतं.

"आजी, गेस व्हॉट! मी डबा शोधला!"

"कुठला डबा गं?"

"लेकवाला! बाबा जीपीएस बघत होता. मी रॉक्स बघितले. एक रॉक डिफरंट होता!"

काय सांगू, ऊर भरून आला. यंत्र नाही, जमीन बघितली पोरीने. रक्त कुठे जातं? मग तिचा शब्द डोक्यात पोचला. लेक, म्हणजे तळं. देवयानीने तिच्या हातून फोन घेतला.

"आई, ऐकलंस? अख्खा चढ स्वतः चढली, एकदाही उचलून घे म्हणाली नाही. आणि तुझा गडू अजून होता त्यात, माहितीये? इतक्या वर्षांनी! रुचा सोडेचना, म्हटलं घेऊन येऊ या. आत्ताच पोचलोय घरी, शूजसुद्धा काढले नाहीयेत."

"गडू रिकामा होता का?"

"हो गं. का?"

तळ्यावरच्या त्या पाहुण्याने साखर घेतली होती. मग परत करायचं काहीतरी त्याच्याकडे बाकी होतं.

"देवयानी, निघताना तुमच्यापैकी कुणी काही बोललं? तळ्यापाशी?"

"मी नाही. पण तुझी नात! वळली, पाण्याला हात केला आणि 'येते हं' म्हणाली. सत्यजित म्हणाला, ही मिनी-मालिनीबाई आहे. थांब हं, कुकर लावते, रुचाशी बोल."

फोन हातातून हातात गेला. रुचाचा श्वास ऐकू आला, चढून आलेल्या पोराचा, दमलेला आणि खूश.

"रुचा, बाळा, तू 'येते' म्हटल्यावर तिथे कुणी काही म्हणालं?"

"हो. एक लेडी."

"तू काय म्हणालीस?"

"काही नाही. बाबाने उचलून घेतलं ना, रॉक स्लिपरी होता."

मी श्वास सोडला. आणि तेवढ्यात, फोनच्या पलीकडे, रुचाच्या मागे कुठेतरी दारापाशी, तोच आवाज आला. शांत, घरंदाज, चार वर्षांत जराही न बदललेला.

"येऊ का?"

"रुचा," आतून देवयानीने हाक दिली, "वसुधा मावशी आली बघ. काय म्हणायचं असतं?"

"रुचा, ऐक!" मी ओरडले. शेजारच्या फ्लॅटमध्ये ऐकू गेलं असेल. "आजीचं ऐक. 'जा' म्हण. मोठ्याने म्हण, जा!"

 ती खुदकन हसली. आजीची चूक पकडल्याचा आनंद होता त्यात.

"आजी, 'जा' नाही म्हणायचं. तूच सांगितलंस."

तिने फोन तोंडापासून लांब धरला असावा, कारण पुढचा शब्द तिने मला म्हटला नाही. पण मला नीट ऐकू आला. एकही इंग्रजी छटा नाही, आवाज मोठा, उच्चार स्वच्छ, आमच्या घराण्याला शोभेल असा.

"या."